पितरं, घट आणि माझा गुडघा

माझा डावा पाय शिडीवरून पडल्यामुळे गेला नव्हता. पडल्यामुळे हाड मोडलं होतं आणि ते बरोबर जुळलंही होतं. पाय गेला तो बांधून ठेवल्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सासरी ही गोष्ट अजून उलटीच सांगतात, आणि सांगणारे बहुतेक जण तेव्हा जन्मलेही नव्हते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, जालना पुढं झाला. माझं सासर मंठ्याकडचं, माहेर परतूरजवळचं. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, पोरबाळ नव्हतं. वय एकोणीस असेल नाहीतर वीस. शाळेत गुरुजींनी मनानंच जन्मतारीख टाकली होती, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही. आणि शाळा तरी केवढी, चौथीपर्यंत.

त्या श्रावणात सासरचं धाबं गळायला लागलं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. गळायला लागलं की त्यावर पांढरी माती टाकून ती तुडवावी लागते. सासरे शेतात गेले होते. नवरा ओट्यावर बसून पान लावत होता. सासू मला म्हणाली, "तू अंगानं हलकी हाईस, तूच चढ." मी डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन चढले. दोन-तीन खेपा बऱ्या गेल्या. मग ओल्या शिडीवरून पाय सटकला आणि मी खाली धुणं धुवायच्या दगडावर पडले. गुडघ्याखाली नडगीचं हाड मोडलं. नवऱ्याच्या हातातलं पान तसंच राहिलं, एवढं मला दिसलं.

शेजारच्या गावातून हाडवैद्य बोलावला. त्यानं पाय ओढला, हाड जागेवर बसवलं, कापूस लावला आणि मांडीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या लावून जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी करकचून बांधलं. जाताना तो सासूला म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "भादव्यातल्या पौर्णिमेला सोडायचं. मी येतो. सोडलं की त्याच दिवसापासून गुडघा थोडा थोडा वाकवायचा. ह्यो पाय हाय, कुडाची मेढ न्हाई."

पौर्णिमेला पाऊस लागला. ओढ्याला पाणी आलं, वैद्याला येता आलं नाही. पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी तो आला. सासूनं त्याला दारातच थांबवलं.

"आता पितरं बसली. पितरांत बांधलेलं सोडत न्हाईत."

"अवो, हाड हाय ते. लग्नाचं बाशिंग हाय का?"

"आमच्यात चालत न्हाई. पितरं उठल्यावर या."

"पोरीला इचारा तरी."

"तिला काय कळतंय?"

मी आत बाजेवर पडून होते. ओरडले, "मला सोडायचंय!" पण सुनेचं ओरडणं दारापर्यंत पोचायची त्या घरात रीत नव्हती. सासूनं हातावर ठेवलेला नारळ घेऊन वैद्य निघून गेला.

पितरं उठली, तर घट बसले. "घटात कात्री लावत न्हाईत," सासू म्हणाली. मी म्हणाले, कात्री नका लावू, गाठी हातानं सोडा. तर म्हणे गाठ सोडणं काय आणि कापणं काय, एकच. नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही तरी बोला." तो म्हणाला, "माय म्हणती त्यात काहीतरी असंलच की. इतके दिस ऱ्हायली, अजून धा दिस राह्य." माझा पाय आतून खाजायचा. मी ज्वारीची काडी कामट्यांच्या आत घालून खाजवायची आणि घटासमोर लागलेल्या दिव्याकडं बघायची. त्या दिव्याला तेल कमी पडायचं नाही.

दसऱ्याला सोनं लुटून आल्यावर पाय सोडला. पाय कसला, तुरीची वाळली तुराटी. कातडी पांढरी, मांडी खाली बसलेली, आणि गुडघा पावसाळ्यात दार चौकटीत फुगून बसतं तसा बसलेला. थोडा हलायचा, की अडकायचा. वैद्य पुन्हा आला, त्यानं चाचपून बघितलं आणि सासूकडं न बघता म्हणाला, "हाड पक्कं हाय. गुडघा आता तिचा तिनं बघावा."

ज्यांनी ते दिवस बघितले नाहीत त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या भागात बाईचा सगळा दिवस उकिडवा जायचा. चूल उकिडवी, भांडी उकिडवी, सारवण उकिडवं, निंदणी तर सकाळपासून दिवस बुडेपर्यंत उकिडवी. परसाकडं जायचं तेही तसंच. मी झाडांमागं बाभळीचं खोड धरून, एक पाय पुढं लांब टाकून कशीबशी वेळ भागवायची, आणि बरोबरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला पाहिजे होती त्यांना वाटली नाही.

चुलीपुढं मी एक पाय लांब करून बसायची. तो पाय सासूच्या वाटेत यायचा. "काय बाई, चुलीपुढं बल्ली आडवी टाकून ठेवलीय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "देवानं सून दिली, तिला बिजागरीच न्हाई." बाया हसायच्या. बिजागरी कोणी गंजवली हे एकीनंही विचारलं नाही.

दिवाळीला माझा थोरला भाऊ मला न्यायला आला. सासू त्याला म्हणाली, "न्या. बसती झाली तर आणून घाला. न्हाईतर ऱ्हाऊ द्या तिकडंच. आमाला घर चालवायचंय. परभणीकडून एक सोयरीक सांगून आलीय."

भाऊ म्हणाला, "मावशी, पाय तुमच्याच घरी मोडला की."

"मोडला आमच्या घरी, आन् जुळवून बी आम्हीच दिला. आता वाकवून बी आम्हीच द्यायचा का?"

माझा नवरा आमच्या बैलगाडीचं जू बघत होता. त्यानं दोरी ओढून बघितली, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि भावाला म्हणाला, "जल्दी निघा, उन्हं चढतील." सवत आणायची बोलणी चालू होती आणि ह्या माणसाला उन्हाची काळजी होती.

माहेरी गेल्यावर माय रडली. आबा, म्हणजे माझे वडील, रडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी कुठूनतरी एक दांडगा माणूस आणला. त्याचं म्हणणं असं की चौघांनी मला धरायचं, तो त्याच्या मांडीवर माझा पाय ठेवून एका झटक्यात गुडघा मोडून मोकळा करणार. "थोडं दुखंल, पण एकदाचं होऊन जाईल," आबा म्हणाले. दुखणार कुणाला होतं ते बोलायची गरज कुणाला वाटली नाही. तो माणूस जवळ आला तसा मी उशाचा पाण्याचा तांब्या त्याला फेकून मारला. तो खांद्याला लागला. तो म्हणाला, "पोरगी नादान हाय," आणि निघून गेला. आबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. माझं काही बिघडलं नाही.

आमच्या गावात तालीम होती. भाऊ लहानपणापासून तालमीत जायचा. आदल्या वर्षी तिथल्याच एका पोराचा गुडघा जत्रेच्या कुस्तीत निखळला होता. साऱ्या गावानं त्याचं केलं. कुणी म्हशीचं दूध दिलं, कुणी अंडी, कुणी करडीचं तेल. वस्ताद स्वतः त्याच्या पायाजवळ बसायचा. पोरगा पुढल्या हंगामात कुस्ती खेळला आणि लोकांनी त्याला फेटा बांधला. हे मला बाजेवर पडून आठवायचं आणि अंगाची आग व्हायची. पोराच्या गुडघ्याला वस्ताद, तेल आणि दूध. पोरीच्या गुडघ्याला सवत.

मी भावाला विचारलं, "त्या पोराचा गुडघा कसा मोकळा केला?"

"वस्तादानं केला."

"मंग माझा?"

"बाई, तालमीत बाया चालत न्हाईत. मातीला बाट लागतो."

"मी तालमीत येते म्हणाले का? तू इचारून ये आन् मला दाखव."

भाऊ डोकं खाजवत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तो तेलाची बाटली घेऊन. गोठ्यात एक कोपरा झाडला आणि आम्ही सुरुवात केली. मायेनं कपाळाला हात लावला. "बायांनी बैठका काढल्या तर पोट उतरतं. पोर ऱ्हायचं न्हाई."

"दिवसभर निंदायला बसते तव्हा उतरत न्हाई का?" मी विचारलं.

 मायेनं गोठ्याच्या दाराला एक गोधडी टांगली, कुणाला दिसू नये म्हणून. तेवढी मदत तिनं केली. जास्तीची अपेक्षा मी केलीही नव्हती.

काय काय केलं ते नीट सांगते, कारण पुढं कुणाचा तरी गुडघा असाच बसायचा, आणि तिच्याजवळ माझ्यासारखा भाऊ असेलच असं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे थंड अंगानं काही करायचं नाही. सकाळी हाडं आखडलेली असतात. घरातलं थोडं काम झालं, अंग तापलं, की कोमट तेल मांडीला नि पोटरीला चोळायचं. गुडघ्याची वाटी बोटांत धरून हळूच इकडं-तिकडं सरकवायची. ती माझी दगडासारखी घट्ट होती, पुष्कळ दिवसांनी हलायला लागली. मग जमिनीवर पाय पसरून बसायचं, जुन्या धोतराचा पट्टा तळपायाला अडकवायचा आणि टाच जमिनीवरून घासत आपल्याकडं ओढायची. जिथं अडेल तिथं थांबायचं. सोडायचं नाही आणि जोरही करायचा नाही. तसंच धरून सावकाश श्वास घ्यायचा. थोड्या वेळानं पाय आपणच बोटभर पुढं येतो. भाऊ वस्तादाचा निरोप रोज सांगायचा, "झटका न्हाई. ताणलं तर ताणू दे, पण सुई टोचल्यासारखं झालं की सोड." झटक्यानं मोकळं करू म्हणणारा माणूस आबांनी आणला होता. तो जर मला धरता, तर आज मी काठीवर असते.

दुसरं, बाजेच्या कडेवर बसून पाय खाली लोंबकळत सोडायचा. चांगला पाय दुखऱ्या पायावर पुढून टेकवायचा आणि हळूहळू मागं रेटायचा. मग पिशवीत थोडी वाळू भरून ती घोट्याला बांधायची आणि पाय वर उचलून सरळ करायचा. कारण नुसता वाकणारा पाय कामाचा नाही, त्याला उठायची ताकद पाहिजे. बसता येतं पण उठता येत नाही, अशी बाई त्या घराला आणखी नको होती.

तिसरं माझ्या डोक्यातही आलं नसतं. उकिडवं बसायला गुडघ्याइतकाच घोटा लागतो. माझी पोटरी इतके दिवस बांधून आखडली होती, टाच जमिनीला टेकतच नव्हती. त्यासाठी गोठ्याच्या भिंतीला दोन्ही हात लावून, दुखरा पाय मागं ठेवून, टाच न उचलता भिंत ढकलायची. शेजारची म्हातारी गोधडीच्या फटीतून बघून मायेला म्हणाली, "पोरगी भित पाडून राह्यली का काय?"

गुडघा थोडा आला तशी मी गोठ्याची मेढ, म्हणजे छपराचा खांब, धरून बसायला लागले. टाचांखाली पाट ठेवायचा, म्हणजे टाचा उंच राहतात आणि बसणं सोपं जातं. दोन्ही हातांनी मेढ धरून खाली जायचं, जेवढं जाता येईल तेवढं. पहिल्यांदा माझं बूड पाटापासून हातभर उंच अडलं आणि तिथंच मला रडू आलं. भाऊ म्हणाला, "रड, पण मेढ सोडू नकोस." पुढं पाट काढून पातळ फळी घेतली, मग फळीही काढली.

तोल ही वेगळीच गोष्ट होती. पाय वाकायला लागला तरी त्याच्यावर उभी राहिले की तो लटलट कापायचा. म्हणून एका पायावर उभं राहायचं. आधी भिंतीला बोट लावून, मग बोट काढून, मग डोळे मिटून. डोळे मिटले की कळतं आपला पाय किती खोटा आहे ते.

"बगळा दिसतीस," भाऊ म्हणाला.

"बगळ्याला सासू नसती."

तो हसला आणि म्हणाला, डोळे मिटून उभं राहण्यात काय आहे? मग स्वतः डोळे मिटून एका पायावर उभा राहिला, आणि तालमीतला तो गडी शेणाच्या पाटीत बसला. मी पोट धरून हसले. शिडीवरून पडल्यापासून तेव्हा पहिल्यांदा हसले असेन.

शेवटी मी शेताच्या बांधावरून चालायला लागले, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्या पायाची टाच लावून. मग डोक्यावर भरलेली कळशी घेऊन. बांध अरुंद, एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला चर. गावातली पोरं बघायची. बघू दे.

त्याच दिवसांत बांगड्या भरणारी आली. ती दोन्हीकडच्या गावांना फिरायची. तिनं मायेला सांगितलं की माझ्या सासरचे परभणीकडची पोरगी बघून आले. "आन् म्हणतात, पोरीला आधी चालाय लावलं, मंग उकिडवं बसवलं, मंग उठवलं. परत बसवलं. एकदा फसलो म्हणे, आता बघूनच घेऊ."

मंठ्याच्या बाजारात बैल घेताना असंच करतात. चालवतात, बसवतात, उठवतात. पण तिथं निदान ज्यानं बैलाचा पाय बांधून ठेवला तोच माणूस बैल लंगडा म्हणून बाजारात ओरडत नाही. मला त्या पोरीचा राग आला नाही. ती माझ्यासारखीच कुणाची तरी उठवलेली-बसवलेली पोरगी. मला राग आला तो "फसलो" ह्या शब्दाचा. माझे दोन्ही पाय चांगले घेऊन मी त्या घरात गेले होते.

संक्रांतीच्या आधी सासरची माणसं आली. सासरे, सासू, नवरा आणि सासूचा भाऊ. ही नवी सोयरीक सासूच्या भावानंच आणली होती. आबांनी ओसरीवर घोंगडी अंथरली. चहा झाला. सगळ्यांना ठाऊक होतं ते कशाला आले ते. मी बसले तर गाडीत बसवून नेणार. नाही बसले तर परभणीची पोरगी आणणार, आणि मी जन्मभर भावाच्या चुलीला. आमच्यात टाकलेल्या बाईला तिसरी जागा नव्हती.

सासूचा भाऊ म्हणाला, "चाल बरं पोरी जरा."

मी ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

"चालती तर बराबर. आता बस."

मी उभीच राहिले.

"बसता येत न्हाई वाटतं," सासू म्हणाली.

"येतं."

"मंग बस की."

"आधी एक सांगा. पौर्णिमेला पाय सोडायचा असं कोण म्हणालं होतं, आन् कोणी सोडू दिला न्हाई?"

 आबा हळूच म्हणाले, "बाई, गप बस."

"बसायचंच चाललंय, आबा. पण हे सांगितल्यावर."

सासू तडकली. "आम्ही रीत पाळली. रीत पाळणं गुन्हा हाय का?"

"रीत तुम्ही पाळली. मंग तिचा भोग माझ्या पायाला का? आन् वर फसलो म्हणता. कोणी फसवलं तुमाला?"

"बघा, बघा जीभ. पाय वाकला न्हाई तरी जीभ बघा कशी वाकती."

सासूचा भाऊ उठायला लागला. "चला दाजी. बसता येत न्हाई म्हणून हे सगळं चाललंय."

दाराआडून माय म्हणाली, "बस गं माय. एकदा बस. तुझ्या पाया पडते." ते ऐकणं अवघड गेलं. माझी आई, माझ्या पाया पडते म्हणत होती, कशासाठी, तर मी चार माणसांपुढं बैलासारखं बसून दाखवावं म्हणून. भाऊ खांबाला टेकून उभा होता. मी बसू शकते हे त्याला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही, आणि ते बरं केलं. मी न बसता ते निघून गेले असते, तर गेले असते. माझे पाय तेव्हा बसायला तयार होते, पण त्या अटीवर नाही.

सासरे कमी बोलायचे. इतक्या वेळ ते कपातला चहाचा गाळ बघत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"वैद्यानं पौर्णिमाच सांगितल्ती," ते म्हणाले. "दोन दिसांनी आल्ता बी. आपण दारातून वापस लावला. दसऱ्यापस्तोर आपणच बांधून ठेवला. पोरीची बिलकुल चूक न्हाई."

"तव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?" सासू म्हणाली.

"शिवलं होतं. आता बोलून राह्यलो."

मग मी बसले. मेढ नाही, पाट नाही, जमिनीला हात नाही. टाचा टेकलेल्या. बसले ती उठलेच नाही. सासूचा भाऊ म्हणाला, "बास, बास, बघितलं." मी म्हणाले, "न्हाई, नीट बघा. परत म्हणाल फसलो." त्यांनी सुपारी कातरली, पानं खाल्ली, तोवर मी त्यांच्या पुढ्यात तशीच. भाऊ खांबाआड तोंड करून हसत होता.

"आन् ती परभणीची सोयरीक?" मी विचारलं. हे मी नवऱ्याला विचारलं, त्याच्या मामाला नाही.

नवऱ्यानं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. मग म्हणाला, "मोडली."

चार अक्षरंसुद्धा नाहीत. हा एवढा शब्द दिवाळीला त्याच्या तोंडून निघाला असता, तर मी सबंध थंडी जिवाला घोर लावून न घेता पाय वाकवला असता.

गेले मी त्यांच्याबरोबर. आता माझ्या नाती विचारतात, कशाला गेलीस? कुठं जायला पाहिजे होतं ते त्यांनी सांगावं.

माघात सासूनं देवीला बकरं कापलं. म्हणे तिनं नवस बोलला होता, सुनेचा पाय वाकू दे म्हणून. कधी बोलला होता कुणाला ठाऊक, परभणीला पोरगी बघायला जायच्या आधी का नंतर. सगळं गाव जेवायला आलं. मी पहाटेपासून तीन दगडांच्या चुलीपुढं उकिडवी बसून भाकरी थापत होते, आणि बाया येऊन माझ्या गुडघ्याला हात लावून तो हात कपाळाला लावत होत्या. "देवीनं पाय दिला गं." त्यातल्या निम्म्या बाभळीमागं हसणाऱ्याच होत्या.

मी म्हणाले, "देवीला म्हणावं, मंग भाकरी बी तूच थाप."

"तोंड बघा," सासू म्हणाली. "देवाचं उपकार बी मानत न्हाई."

तेल, वाळूची पिशवी, गोठ्याची भिंत, भावाचे शेणात भरलेले कपडे, ह्यातलं कुणाला काही ऐकायचं नव्हतं. माझ्या गुडघ्याचं बकरं त्यांनी खाल्लं आणि हाडं कुत्र्यांना टाकली. मी व्यायाम सोडला नाही. रोज गोठ्यात जाऊन एका पायावर उभी राहायची. सासू म्हणायची, आता कशाला, झाला की बरा. मी उत्तर द्यायची नाही. डोळे मिटून उभं राहताना बोललं की तोल जातो.

पुढल्या वर्षी शेजारच्या घरातली नवी सून विहिरीच्या पायरीवरून घसरली. तोच वैद्य, त्याच कामट्या. सोडायचा दिवस आला, तर पितरं बसलेली. वैद्य त्यांच्या दारात उभा, तिची सासू दारात आडवी, आणि माझी सासू आमच्या ओट्यावरून सल्ला देत होती, "पितरांत सोडत न्हाईत बरं का. आमच्या सुनेचं बी आम्ही दसऱ्यालाच सोडल्तं. बघा कशी चालती आता."

मी गोठ्यातून विळा घेतला आणि त्यांच्या घरात शिरले. ती पोर बाजेवर होती, तोंडात पदर कोंबून. मी तिच्या पायाशी उकिडवी बसले आणि पहिली गाठ कापली.

दोन्ही सासवा दारातून ओरडायला लागल्या. "पाप लागंल! पितरं कोपतील!"

"माझ्यावर कोपू द्या," मी म्हणाले आणि दुसरी गाठ कापली. वैद्य हळूच आत आला, त्यानं कामट्या बाजूला केल्या आणि हाड चाचपलं. पक्कं होतं. पोर रडायला लागली. मी सोडलेल्या पट्ट्यांतला लांबसा पट्टा तिच्या तळपायाला अडकवला आणि त्याची टोकं तिच्या हातात दिली.

"रडायचं नंतर," मी म्हणाले. "आधी टाच आपल्याकडं ओढ. झटका न्हाई. हळू."